पांढरे डाग, मेण आणि आपले हात

(चांदीप येथील केंद्रात पाड्यांवरील तरुण-तरुणी आणि बचत गटांच्या महिलांसाठी होडीच्या देखभालीचं प्रशिक्षण झालं. पाचूबंदरच्या एका जुन्या होडी-कारागिरांनी त्या वेळी केलेलं हे भाषण. बोलीचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

फादर, सिस्टर, बचत गटाच्या बायांनो आणि पाड्यापाड्यांवरून आलेल्या माझ्या भावांनो,

सकाळी आल्या आल्या मला आपल्या केंद्राची होडी दाखवली. फायबरची, पांढरी, चांगली मजबूत होडी आहे. पण तिच्या दोन्ही अंगांवर पांढरट ठिपके पडलेत, पाणी ओघळलेल्या जागी पट्टे उमटलेत आणि नाळेकडचा निळा रंग राखेसारखा दिसतोय. एक मुलगा म्हणाला, “काका, होडीला कोड आलंय.” दुसरा म्हणाला, “दोन वर्षांत म्हातारी झाली.” होडी म्हातारी झालेली नाही आणि तिला कोडही आलेलं नाही. तिला तुमच्या बोअरच्या पाण्याचे डाग पडलेत. ते कसे पडतात, कसे जातात आणि पुन्हा पडू नयेत म्हणून काय करायचं, एवढंच आज सांगणार आहे. त्याच्या जोडीला दोन गोष्टी अशा सांगणार आहे की ज्यांचा होडीपेक्षा तुमच्याशी जास्त संबंध आहे.

डाग येतो कुठून?

पावसाचं पाणी आभाळातून पडतं तेव्हा ते जवळजवळ शुद्ध असतं. तेच पाणी जमिनीत मुरतं, काळ्या कातळाच्या भेगांतून खाली जातं आणि वाटेत दगडातले क्षार आपल्यात विरघळवून घेतं. त्यात मुख्य दोन, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पाणी दिसायला काचेसारखं असतं, पण ते ‘जड’ झालेलं असतं. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, कारण त्यात साबणाला फेस येत नाही.

बायांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, तो नखाने निघत नाही. हंड्याच्या गळ्याला पांढरी रेघ येते. होडीवरचा डाग त्याच जातीचा. पाण्याचा थेंब होडीवर बसला, वर ऊन पडलं, पाणी उडून गेलं. क्षार मात्र उडत नाहीत, ते तिथेच राहतात. आज एक थेंब, उद्या त्याच जागी दुसरा. असे थरावर थर बसतात. हा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शिंपलीचं कवच याचंच असतं, अंड्याचं टरफलही याचंच.

आमच्याकडे पूर्वी शिंपल्या भाजून चुना करत. तंबाखूला लावता तो चुना आणि होडीवरचा हा डाग एकाच कुळातले, हे ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

पाणी किती जड आहे हे घरीच ओळखता येतं. एकसारख्या दोन बाटल्या घ्या. एकीत पावसाचं साठवलेलं पाणी, दुसरीत बोअरचं, दोन्ही अर्ध्या भरा. दोन्हींत साबणाचा सारखाच चुरा टाका आणि सारख्याच वेळा हलवा. पावसाच्या पाण्याला भरपूर फेस येईल; जड पाणी गढूळ होईल, वर पांढरी साय येईल आणि फेस मरेल. पिण्याच्या पाण्यासाठी सरकारी मानक आहे, त्यात ही जडता लिटरमागे 200 मिलिग्रॅमच्या आत असावी असं म्हटलंय. दुसरं पाणीच मिळत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याला चालणारं पाणीसुद्धा होडीवर डाग पाडू शकतं. तेव्हा डाग दिसले म्हणून बोअर वाईट आहे, असं कोणी समजू नये.

पांढरं सगळं एकच नसतं

कामाला हात घालण्याआधी रोग ओळखायला शिका. होडीवर पांढरं दिसलं की ते तीन प्रकारचं असू शकतं.

पहिलं मीठ. होडी खाडीत किंवा समुद्रात जाऊन आली आणि तशीच वाळली तर मीठ फुलतं. बोटाला लावून चाखलं तर खारट लागतं. गोड्या पाण्याने नुसतं धुतलं की जातं.

दुसरं उन्हाचं. फायबरच्या होडीवर वरून एक गुळगुळीत, चमकदार थर दिलेला असतो, त्याला जेलकोट म्हणतात. उन्हाने तो वरून जळतो, सच्छिद्र होतो आणि त्याची भुकटी सुटते. कोरड्या बोटाने घासून पाहा, बोटाला खडूसारखी पांढरी पूड लागली तर हा उन्हाचा रोग. तो पाण्याने जात नाही आणि आंबट लावूनही जात नाही. त्याला घासून पॉलिश करावं लागतं.

तिसरा आपला जड पाण्याचा डाग. हा गोल ठिपक्यासारखा किंवा ओघळासारखा असतो, कडेला जाड आणि मध्ये पातळ. बोटाला पूड लागत नाही, नख लावलं तर खरखरीत लागतो. त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि जवळून बघा, बारीक बुडबुडे येतील.

ही पाहा शिंपली, मी येताना घेऊन आलोय. या वाटीतल्या व्हिनेगरमध्ये टाकतो. दिसले बुडबुडे? आंबट आणि चुना एकत्र आले की चुना विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, सोड्याच्या बाटलीत असतो तोच. होडीवरचा डाग काढायचा म्हणजे एवढंच करायचं. जोर लावायचा नाही, विरघळवायचं.

आपल्या होडीला तिसरा रोग आहे आणि नाळेच्या निळ्या पट्ट्यावर थोडा दुसराही. सगळ्यांनी हात लावून पाहायचं. मी सांगितलं म्हणून मान्य करू नका.

धुण्याची रीत

होडी आधी सावलीत घ्या. झाडाखाली नाही, वरून चीक आणि पाखरांची घाण पडते. मांडव घाला किंवा सकाळी लवकर काम करा. तापलेल्या होडीवर काहीही लावलं तरी ते वाळतं, आणि वाळलं की नवा डाग पडतो.

धरणाच्या किंवा नदीच्या काठावर धुवायची नाही. पाण्यापासून लांब, जिथलं सांडपाणी मातीत मुरेल अशी जागा निवडा. तानसा आपल्या या भागातून वाहत पुढे वैतरणेला मिळते. त्या पाण्यातच तुमची मासळी वाढते आणि त्याच पाण्यावर गुरं येतात. साबण, पॉलिशचा मळ, मेणाचे बोळे त्यात जायला नकोत.

पहिल्यांदा भरपूर पाणी ओतून धूळ आणि रेती काढून टाका. रेतीचा एक कण फडक्याखाली राहिला तर तो होडीवर रेघ ओढतो. मग साध्या सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं किंवा स्पंज. बादल्या दोन ठेवा, एकीत साबणाचं पाणी आणि दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. वरून खाली धुवत या.

काय वापरायचं नाही तेही नीट ऐका. काथ्या नाही, नारळाची शेंडी नाही, राख नाही, तारेचा ब्रश नाही. भांडी घासायची पूडही नाही. आपल्याकडे भांडं राखेने लख्ख होतं म्हणून होडीही होईल असं वाटतं, पण पितळ वेगळं आणि जेलकोट वेगळा. त्यावर एकदा बारीक रेघा पडल्या की प्रत्येक रेघेत पुढचा डाग घर करतो.

आता डागाकडे वळू. पांढरं व्हिनेगर घ्या आणि त्यात तेवढंच पाणी घाला. आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांत इंद्याल करायला व्हिनेगर लागतंच, तुमच्या बाजाराच्या दुकानातही लोणच्याचं म्हणून मिळतं. त्यात साधारण चार-पाच टक्के आम्ल असतं, बाकी पाणी. आधी होडीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहा. रंग उतरत नसेल तर पुढे जा. फडकं बुडवून डागावर ओलं ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. वाळू द्यायचं नाही. मग हलक्या हाताने पुसा, लगेच साध्या पाण्याने धुवा आणि कोरड्या फडक्याने टिपून घ्या. डाग अर्धा गेला असेल तर पुन्हा तेच करा. तीनदा हलक्या हाताने करणं एकदा जोराने करण्यापेक्षा बरं.

व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्त्व चालतं, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. लिटरभर पाण्यात दोन चमचे पुरे. तेही नसेल तर लिंबू आहेच, पण एवढ्या होडीला टोपलीभर लिंबं लागतील, ती बाजारात विकलेली बरी.

इतकं करूनही डागाची सावली राहिली तर समजा की डाग जेलकोटमध्ये उतरलाय. आता बारीक दाण्याचं पॉलिशिंग कंपाउंड घ्या. मऊ फडक्यावर थोडंसं, गोल गोल हात, एका वेळी हातभर जागा. उन्हाने खडूसारखा झालेला भागही याच रीतीने उजळतो. पण हे काम वारंवार करायचं नाही. प्रत्येक वेळी जेलकोटचा थोडा थर निघून जातो आणि तो थर कागदाच्या काही घड्यांइतकाच जाड असतो.

तुमच्याकडे कोणाची लाकडी होडी असेल तर यातलं काहीही तिला करू नका. लाकडाला तेल लागतं. आमचे वाडवडील होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकत, वर राळ-तेल भरत आणि बाहेरून मुशीच्या यकृताचं तेल चोपडत. वास असा यायचा की पाहुणा लांबून ओळखायचा, कोळीवाडा आला म्हणून! पण लाकूड टिकायचं.

मेण कशासाठी?

व्हिनेगरने डागाबरोबर होडीवरचं जुनं मेणही उतरतं. त्यामुळे डाग काढून होडी तशीच सोडली तर पुढचा डाग आधीपेक्षा लवकर बसेल. म्हणून धुणं आणि मेण लावणं हे एकच काम समजा.

मेण लावलेल्या अंगावर पाणी पसरत नाही, त्याचे मणी होतात आणि ते घरंगळून खाली जातात. अळूच्या पानावर पाणी थांबतं का? तसंच. जे उरतं ते मेणावर वाळतं, जेलकोटवर नाही, आणि पुढच्या वेळी ओल्या फडक्याने निघतं.

इथे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटेल, मेण तर आम्हीच काढतो. खरं आहे. कातकरी आणि वारली घरांत पोळं उतरवायचं ज्ञान पिढ्यांचं आहे. मध पिळून उरलेला चोथा गरम पाण्यात वितळवून, फडक्यातून गाळून, थंड झाल्यावर वर आलेली पिवळी वडी काढायची, हे मी तुम्हाला शिकवण्याची गरज नाही. पण मधमाशीचं नुसतं मेण होडीला लावू नका. ते साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या चैत्र-वैशाखात उन्हात उभ्या असलेल्या होडीवर मऊ पडून चिकट होईल आणि त्यावर धूळ बसेल. होडीच्या मेणाच्या डब्यात बहुतेक वेळा कार्नोबा नावाचं मेण असतं. ब्राझीलमध्ये एक प्रकारचा ताड होतो, त्याच्या पानांवर ते धरतं. ते 80 अंशांच्याही वर वितळतं, म्हणून उन्हात टिकतं.

मग आपलं मेण कशाला? दोरीला लावायला, सुताराला, चांभाराच्या दोऱ्याला, मेणबत्तीला, मलमाला. त्याची किंमत कमी लेखू नका. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या दिली आहे, तिच्यात मध आणि मेण हे दोन्ही शब्द नाव घेऊन लिहिलेत. गौण वनोपज परंपरेने गोळा करणाऱ्या वनवासींना ते गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क त्या कायद्याने दिलाय. पोळं उतरवताना जाळ लावून सगळ्या माश्या मारू नका, धूर पुरतो. आणि पोळ्याचा पिलांचा भाग सोडला तर माश्या जगतात. एवढं सांगून होडीकडे वळतो.

मेण लावायची रीत सोपी आहे, पण घाई चालत नाही. होडी पूर्ण कोरडी हवी. हातभर लांब आणि हातभर रुंद एवढीच जागा घ्या. फडक्यावर सुपारीएवढं मेण घेऊन पातळ पसरा. जाड लावलं तर जास्त टिकेल असं वाटतं, ते खरं नाही. जाड मेण नीट वाळत नाही आणि पुसताना घाम काढतं. थोड्या वेळाने त्यावर धुकट पांढुरकी साय येते. बोट फिरवून पाहा, बोटाखालची जागा स्वच्छ चकाकली तर तयार झालं. मग दुसऱ्या, स्वच्छ सुती फडक्याने चकाकी येईपर्यंत पुसा. जुनं धोतर किंवा धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी यासाठी उत्तम. पुढची जागा घेताना आधीच्या जागेवर चार बोटं चढवून घ्या, म्हणजे मध्ये कोरी पट्टी राहत नाही. सगळी होडी झाली की दुसऱ्या दिवशी आणखी एक पातळ हात द्या.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. जिथे पाय पडतो तिथे मेण लावायचं नाही. होडीचं आतलं तळ, बसायच्या फळीसमोरची जागा, चढायची पायरी या सगळ्या जागा सोडून द्यायच्या. ओल्या पायाखाली मेण म्हणजे शेवाळ. तुमच्या होडीत लहान मुलं बसतात. होडी चकचकीत दिसावी म्हणून एखादं पोर पाण्यात पडलं तर ती चकाकी कोणाच्या कामाची? आणि जी होडी कायम पाण्यातच राहते तिच्या पाण्याखालच्या भागालाही मेण नाही, त्याला वेगळा रंग असतो.

वर्षातून दोनदा मेण लावलं तर पुरे, एकदा पावसाआधी आणि एकदा दिवाळीनंतर. त्याहून मोठं काम रोजचं आहे. होडी बाहेर काढली की कोरडी पुसा. पाच मिनिटांचं फडकं तुमची दोन दिवसांची घासाघीस वाचवतं. आणि होडी धुवायला पावसाचं पाणी धरून ठेवा. केंद्राच्या पत्र्याला पन्हळ आहेच, खाली एक पिंप ठेवलं की काम झालं. आभाळाने फुकट दिलेलं हलकं पाणी सोडून जमिनीतलं जड पाणी वीज जाळून वर काढायचं आणि त्याचे डाग पुसत बसायचं, यात शहाणपण नाही.

अ‍ॅसिडला हात लावू नका

आता मी ज्याच्यासाठी आलो ते सांगतो. सगळ्यांनी लक्ष द्या.

डाग लवकर जावा म्हणून काही जण फरशी धुवायचं अ‍ॅसिड वापरतात. ते मिठाचं अ‍ॅसिड, हायड्रोक्लोरिक. डाग त्याने क्षणात जातो हे खरं आहे. पण जेलकोटची चमक जाते, खिळे-बिजागऱ्या गंजतात, आणि जो माणूस ते लावतो त्याचे हात, डोळे आणि छाती जाते. मी एका ठिकाणी काम केलं, नाव घेत नाही. तिथे ठेकेदार पाड्यावरची पोरं आणायचा. हातमोजे नाहीत, पायात चप्पल नाही. बादलीत अ‍ॅसिड आणि हातात चिंधी. कारागिरांना सांगायचा, “ते रानातले आहेत, त्यांची कातडी जाड असते.” सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाच्या बोटांची साल निघालेली मी पाहिली. त्याला त्या दिवशीची मजुरी अर्धी मिळाली, कारण दुपारनंतर त्याला चिंधी धरता येईना.

कोणाचीच कातडी जाड नसते. हे वाक्य घरी जाऊन सांगा.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली. विकणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून ठेवायचा, ओळखपत्र पाहायचं, आणि अठरा वर्षांखालच्या कोणालाही ते विकायचं नाही. 2016 साली बालकामगारांच्या कायद्यात दुरुस्ती झाली; त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोक्याच्या कामावर लावता येत नाही. कोणी बादली पुढे केली तर सरळ सांगा, “हे आम्ही करत नाही. व्हिनेगरने करतो, वेळ जास्त लागेल.”

आणि अ‍ॅसिड, व्हिनेगर, लिंबूसत्त्व यांतलं काहीही ब्लीचिंग पावडरीत किंवा संडास धुवायच्या ब्लीचमध्ये कधी मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. अ‍ॅसिड अंगावर किंवा डोळ्यांत उडालंच तर हळद, तेल, माती काही लावायचं नाही. वाहत्या साध्या पाण्याखाली कमीत कमी पंधरा मिनिटं धरायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. व्हिनेगरचं काम करतानाही रबरी हातमोजे घाला. हाताला चीर असेल तर झोंबतं. पॉलिश घासताना तोंडाला फडकं बांधा.

हे शिकून काय मिळेल?

खोटं सांगणार नाही. आमच्या पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला कोळ्याच्या मच्छीमार होडीला कोणी मेण लावत नाही. तिला रंग देतात, तिची दुरुस्ती करतात. मेणाचं काम निघतं ते प्रवासी आणि सहलीच्या बोटींना, रिसॉर्टच्या आणि धरणांवरच्या फायबर बोटींना. वसई-भाईंदर रो-रो 2024 मध्ये सुरू झाली. पाण्यावरची वाहतूक वाढली तर बोटी धुणारे आणि सांभाळणारे हातही लागतील.

आणि ही विद्या होडीपुरती नाही. सौरऊर्जेच्या पाट्यांवर बोअरचं पाणी मारलं की हेच डाग पडतात, आणि डागाळलेली पाटी वीज कमी देते. महामार्गावरच्या हॉटेलांच्या काचा, बसच्या काचा, पाणी तापवायची भांडी या सगळ्यांवर तोच चुना आणि सगळ्यांना तेच आंबट औषध. फक्त संगमरवर आणि शहाबादी फरशीला आंबट लावू नका. त्या दगडातच चुना आहे, डागाबरोबर फरशीही विरघळेल.

आता हिशेबाचं. समुद्रातली मासेमारी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, डागडुजी त्याच काळात होते. तुमच्यातल्या ज्यांची घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणजे किनाऱ्यावरचं काम आणि तुमचं घरी असणं यांचा मेळ बसतो, फक्त आवणीचे दिवस सोडून. चार जणांनी मिळून गट करा. काम घेण्याआधी होडी स्वतः पाहा, हात फिरवून रोग ओळखा, किती दिवस लागतील ते ठरवा. सामान कोणाचं, गाडीभाडं कोणाचं, पैसे कधी, हे कागदावर लिहून घ्या आणि त्यावर दोघांच्या सह्या असू द्या. एकाला तरी लिहिता-वाचता येतंच, त्याला गटात घ्या आणि त्याचा मान ठेवा.

आणि उचल घेऊ नका. भट्टीच्या उचलीने किती घरं बांधली गेली ते तुम्ही मला सांगायला हवं, मी तुम्हाला नाही. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, पण घेतलेल्या पैशाच्या दबावाखाली माणूस मुकाट्याने राबतो हे आजही दिसतं. कामाआधी सामानापुरते पैसे घ्या, मजुरीचे काम झाल्यावर घ्या. ज्याच्या अंगावर उचल नसते तोच अ‍ॅसिडच्या बादलीला नाही म्हणू शकतो. म्हणून मी या दोन्ही गोष्टी एकाच भाषणात सांगितल्या.

दोन प्रश्न

भाषणानंतर प्रश्न विचारले गेले, त्यातले दोन इथे देत आहोत.

एका ताईंनी विचारलं, “पातेल्याच्या बुडाचा थरही व्हिनेगरने जाईल का?” जाईल. स्टीलच्या पातेल्यात बुडाचा थर बुडेल इतकं व्हिनेगर-पाणी घाला, थोडं कोमट करा आणि तासभर ठेवा. मग घासून दोनदा स्वच्छ धुवा. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात मात्र आंबट जास्त वेळ ठेवू नका, भांडं झिजतं आणि काळं पडतं. चिंच किंवा कोकमाचं आगळही थोडंफार काम करतं, पण डाग पाडतं.

एका तरुणाने विचारलं, “होडी मिशनची आहे. आम्ही कशाला एवढं राबायचं?” प्रश्न खरा आहे, विचारल्याबद्दल शाबास. होडीच्या कागदावर मिशनचं नाव असेल. पण पावसात पलीकडच्या पाड्यावरून बाळंतीण आणायची वेळ आली तर फादर वल्हं मारणार आहेत का? मारतीलही, पण होडी गोल फिरेल! (हशा.) जो वल्हं मारतो, जाळं टाकतो, ज्याची मुलं तीत बसतात, त्याची ती होडी. वस्तू सांभाळणाऱ्याकडे टिकते. जुनी झाली म्हणून तुमची होडी बदलायला दुसरा दाता येईल, या आशेवर बसू नका.

आता उन्हं उतरली आहेत, होडी सावलीत आली असेल. चार जणांनी पाणी काढा, पावसाचं राहिलं असेल तर तेच घ्या. दोघांनी फडकी धुऊन पिळा. रबरी मोजे त्या खोक्यात आहेत, मोजून घ्या आणि मोजून परत ठेवा. पहिला हात मी मारून दाखवतो, नंतरचं सगळं तुम्ही करायचं. देव तुमच्या हातांना बळ देवो आणि ते सुरक्षित ठेवो.